पुण्यातले वाडे आणि नवं बांधकाम एका फ्रेममध्ये: सगळे फोटो एकसारखेच येतायत

पेठेतली_भटकंती

नमस्कार मंडळी. सुट्टीच्या दिवशी पेठांमध्ये फिरून जुनं पुणं आणि नवं पुणं अशी एक सिरीज करतेय. कॅमेरा साधा क्रॉप सेन्सरचा, १८-५५ किट लेन्स आणि लांबचं जवळ आणणारी एक ५५-२५० झूम, आणि नाहीतर मग मोबाईल आहेच. फोटो वाईट नाहीत, लोक लाइक पण करतात, पण सगळे एका ओळीत लावले की लक्षात येतं की सगळ्यात एकच गोष्ट आहे, खाली कौलारू छप्पर किंवा वाड्याचा दरवाजा आणि वर मागे काचेची नाहीतर सिमेंटची बिल्डिंग. दहावा फोटो बघताना मलाच कंटाळा येतो तर बघणाऱ्याचं काय होत असेल.

काही अडचणी नेमक्या सांगते. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा कधीही जा काळाच येतो, आकाश पांढरं आणि दरवाजा अंधारात. त्याच्या मागे उंच नवीन बिल्डिंग येईल असा अँगल शोधून शोधून थकले, मिळतच नाही. अरुंद गल्लीत इमारती मागे पडल्यासारख्या दिसतात. आणि वाड्यात आत शिरायचं म्हणजे कुणाच्या तरी घरात शिरणं, ते कसं करायचं कळत नाही. शिवाय मेट्रो आल्यापासून वाटतं की खरा कॉन्ट्रास्ट तिकडे आहे, पण ती फ्रेममध्ये आणायची कशी?

कुणी असं काम केलं असेल तर जागा, वेळ, लेन्स, काहीही सांगा. नुसतं "छान आहेत" नको प्लीज.

सह्याद्री_शटर

ताई, आधी दिल्ली दरवाजाचं सांगतो कारण त्याचं उत्तर सोपं आहे. तो दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे, नावातच आहे ते. आपल्याकडे सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेकडून फिरतो, हिवाळ्यात तर दिवसभर दरवाजा स्वतःच्याच सावलीत असतो, मग तुम्ही सकाळी जा नाहीतर संध्याकाळी, काळाच येणार. पण पुणं साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी डोक्यावर असताना पण किंचित उत्तरेला असतो आणि सकाळी तर चांगला ईशान्येकडून उगवतो. मे महिन्यात सकाळी लवकर जा, ऊन भिंतीला घासत तिरकं येतं, दारावरचे ते हत्तीला अडवायचे अणकुचीदार खिळे एकेक सुटे दिसतात, प्रत्येकाची सावली लांब पडते. जूनमध्ये पण हाच कोन मिळतो पण मग ढग आले की संपलं. म्हणजे वर्षातले थोडेच दिवस आहेत, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दुसरं, इमारती मागे पडतात ते कॅमेरा वर तिरका केल्यामुळे. कॅमेरा भिंतीला समांतर सरळ धरा, मग खाली नुसता रस्ता येईल आणि वरचा मजला कापला जाईल, तर जेवढं मागे सरकता येईल तेवढं सरका, उभी फ्रेम घ्या आणि खालचा रस्ता नंतर क्रॉप करा. त्याहून चांगलं म्हणजे समोरच्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातून घ्या, पेठांमध्ये जिन्याला खिडकी नाहीतर जाळी असतेच आणि विचारलं तर लोक नाही म्हणत नाहीत. टिल्ट-शिफ्ट लेन्स याच कामासाठी असते पण तिची किंमत बघता छंदासाठी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं म्हणजे तुमची ५५-२५०. ती जास्त वापरा. १८ ला लावून वाड्याच्या जवळ उभं राहिलं की मागची बिल्डिंग लांब आणि बारकी होते. तुम्ही शंभर-दोनशे मीटर मागे जा आणि झूम करा, मागची इमारत वाड्याच्या अंगावर आल्यासारखी दिसते. हे लेन्समुळे होत नाही, तुम्ही कुठे उभ्या आहात त्यामुळे होतं, लेन्स फक्त त्यातला तुकडा कापून देते. म्हणून आधी जागा ठरवा मग झूम फिरवा.

आणि मिक्स लाइट वापरा. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं असतं, तेव्हा वाड्यातला पिवळा बल्ब आणि शेजारच्या दुकानाचा पांढराशुभ्र एलईडी हे दोन्ही एकाच फ्रेममध्ये येतात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा दोन्ही एकसारखे करायला बघतो आणि मजा जाते, डेलाइटवर लॉक करा, रॉमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) घ्या. दोन काळांतला फरक रंगातूनच दिसतो, उंचीची गरज पडत नाही.

खण_आणि_तुळई

मी आर्किटेक्ट आहे, जुन्या इमारतींच्या डॉक्युमेंटेशनचं काम करते, त्यामुळे थोडं लांबेल.

शनिवारवाड्यामागे टॉवर मिळत नाही याचं कारण अँगल नाही, कायदा आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढे अजून २०० मीटर परवानगी घेऊनच, हे २०१० च्या दुरुस्तीनंतर पक्कं झालं. त्यामुळे शनिवारवाड्याभोवतीची घरं जशी आहेत तशी अडकून पडलीयेत, डागडुजी चालते, पाडून नवं उभं करता येत नाही. तुमच्या सिरीजसाठी खरं तर हाच विषय आहे. जिथे शंभर मीटरची हद्द संपते तिथे उभ्या राहा आणि दोन्हीकडे बघा, एका बाजूला वाकलेल्या गॅलऱ्या आणि ताडपत्री टाकलेली कौलं, दुसऱ्या बाजूला उंची एकदम वाढलेली. जमिनीवर कुठलीही रेघ मारलेली नाही पण इमारतींवर ती दिसते. हा फोटो मी अजून कुणाच्या सिरीजमध्ये पाहिलेला नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही जुनं आणि नवं असे दोनच खण करताय म्हणून फोटो एकसारखे होतायत असं मला वाटतं. पेठांमध्ये दोन काळ नाहीत, निदान पाच आहेत. पेशवाईतलं लाकूड-दगड-वीट, म्हणजे घडीव दगडाचं जोतं, त्यावर चपट्या विटा, सागवानी खांब आणि तुळया, आत कडीपाट म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत. मग इंग्रजी अमदानीतलं, मंडईची इमारत घ्या, १८८६ ची, गॉथिक, मधला मनोरा अष्टकोनी. मग स्वातंत्र्याच्या आगेमागेचं सिमेंटच्या गोल बाल्कन्यांचं, ज्याच्याकडे कुणी वळून बघत नाही आणि जे आता सगळ्यात आधी पाडलं जातंय. मग १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, नारायण, शनिवार, कसबा पेठेतले नदीकाठचे कितीतरी मातीच्या भिंतींचे वाडे एका दिवसात बसले आणि त्या जागी जे उभं राहिलं ते साठच्या दशकातलं साधं आरसीसी. आणि आत्ताचं काच-अॅल्युमिनियम पाचवं. नदीकडून लक्ष्मी रोडकडे चालत या आणि इमारतींची वयं कशी बदलतात बघा, पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याचा अंदाज घरांवरून येतो.

जागा सांगायची तर मंडई घ्याच. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली, मंडईला स्टेशन आहे, त्याच्या तोंडाशी उभं राहिलं की स्टील-काचेचा प्रवेश आणि मागे दगडी मनोरा एकत्र येतात. पण मनोरा पूर्ण घ्यायचा हट्ट नको, भाजीची पोतं उचललेला हमाल आणि सरकत्या जिन्यावरून वर येणारा माणूस एका फ्रेममध्ये आले तर इमारती आपोआप बोलतात.

अजून एक गोष्ट, वाडा पाडल्यावर शेजारच्या इमारतीच्या उघड्या पडलेल्या भिंतीचा फोटो काढा. त्या भिंतीवर गेलेल्या घराचा ठसा असतो, तुळया घुसलेल्या चौकोनी खाचा, देवळ्या, कोनाडे, स्वयंपाकघराच्या जागची काजळी, एका मजल्याला निळा रंग आणि वरच्याला पोपटी. आणि त्याच्या पुढ्यात नव्या पायाच्या सळया वर आलेल्या. हे दृश्य फार थोडे महिने टिकतं, नवीन स्लॅब चढला की भिंत झाकली जाते. सपाट, ढगाळ उजेडात घ्या, उन्हात सावल्या पडून ते रंग कळत नाहीत.

आणि एक उलटं उदाहरण पण सिरीजमध्ये असावं. विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची इमारत आहे, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची. काळा दगड, मधल्या चौकात कुंडासारख्या उतरत्या पायऱ्या. इमारत पूर्णपणे आधुनिक आहे पण वाड्याचा चौक आणि देवळाचं कुंड दोन्ही तिच्या पोटात आहे. आत फोटोला परवानगी विचारावी लागेल. मला मनापासून वाटतं की नवं म्हणजे जुन्याचा शत्रू एवढंच दाखवणारी सिरीज अर्धीच राहते.

पेठेतली_भटकंती

बाप रे, शंभर मीटरचं माहीतच नव्हतं, मी तिथे राहणाऱ्या माणसाला विचारायला हवं असं आता वाटतंय. पाच काळांचं पण पटलं, गोल बाल्कन्यांची घरं मी कायम फ्रेमच्या बाहेर ठेवायचे.

काचेच्या इमारतीत वाड्याचं प्रतिबिंब दिसतं तो प्रकार कसा करायचा? फोकस कधी काचेवर बसतो कधी आत.

सह्याद्री_शटर

फोकस प्रतिबिंबावर करा, काचेवर नाही. काच जवळ असते पण त्यातला वाडा कॅमेऱ्यासाठी लांब आहे, काचेपर्यंतचं अंतर अधिक काचेपासून वाड्यापर्यंतचं. ऑटोफोकस गोंधळतो म्हणून लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून हाताने जुळवा, अॅपर्चर एफ ११ च्या आसपास ठेवा म्हणजे काचेची चौकट पण बऱ्यापैकी साफ येईल. पोलरायझर लावला असेल तर काढा, तो प्रतिबिंबच खातो. आणि वाडा उन्हात पाहिजे, काचेची बाजू सावलीत, उलटं असेल तर काचेत काहीच दिसणार नाही.

ड्रोन कुणीतरी सुचवेलच, तर आधीच सांगतो, लोहगावला हवाईदलाचा तळ आहे, डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी साइटच्या नकाशावर झोन बघितल्याशिवाय आणि परवानगीशिवाय उडवू नका. आणि शनिवारवाडा, पाताळेश्वर अशा ठिकाणी ट्रायपॉड लावायला पण आधी परवानगी काढावी लागते, हातात कॅमेरा घेऊन काढलेल्याला कुणी अडवत नाही.

कसब्यातला

मी वाड्यात राहतो म्हणून लिहितोय. जन्म इथलाच, आजोबांपासून भाडेकरू.

ताई, तुम्ही विचारलंत की आत कसं शिरायचं, हा प्रश्न विचारलात हेच बरं वाटलं कारण बहुतेक जण विचारत नाहीत. रविवारी सकाळी ग्रुपच्या ग्रुप येतात, दिंडी दरवाजातून वाकून आत, आणि चौकात आई कपडे वाळत घालत असते तिचा फोटो काढून जातात. तुम्ही आठवड्यातल्या दिवशी या, संध्याकाळी पाच-साडेपाचला, एकट्या या, कॅमेरा पिशवीत ठेवा. ओसरीवर कुणीतरी म्हातारं माणूस बसलेलं असतंच, त्यांच्याशी आधी बोला, वाडा कुणाचा, किती बिऱ्हाडं आहेत, पाणी कधी येतं. पाच मिनिटांत ते स्वतःच म्हणतील की वर माडीवर या, तिथून चांगला दिसतो. आणि फोटो काढलात तर प्रिंट आणून द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, प्रिंट द्या. आमच्या वाड्यात एका मुलाने असे प्रिंट आणून दिले होते, ते अजून भिंतीवर आहेत आणि त्याला आता कुठल्याही खोलीत प्रवेश आहे.

आता दुसरं, आणि हे जरा कळकळीने सांगतो. आमच्या घराला लोक "किती सुंदर" म्हणतात तेव्हा मला पण अभिमान वाटतो, सागवानी खांब आहेत, त्यावर केळफुलाची नक्षी आहे, उन्हाळ्यात पंखा न लावता झोपता येतं. पण संडास सामाईक आहे आणि तो चौक ओलांडून आहे. वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून रात्री त्यांना जिना उतरवून न्यायचं म्हणजे काय असतं ते आम्हाला माहीत. जिना उभा, दोर धरून उतरायचा. भाडं इतकं जुनं की मालकाला त्यात कौलं पण बदलता येत नाहीत, आणि मालक-भाडेकरूंचं एकमत होईपर्यंत पावसाळे जातात. आमच्या शेजारचा वाडा पाडून तिथे बिल्डिंग झाली, तिकडे राहायला गेलेल्या आजी लिफ्टने वर-खाली करतात, रोज देवळात जातात, आधी वर्षानुवर्षं माडीवरून उतरल्या नव्हत्या. त्या बिल्डिंगला तुम्ही फोटोत राक्षस करून दाखवलंत तर ते खरं नाही होणार.

तर माझी विनंती एवढीच की लिफ्टचा पण फोटो काढा. उभा जिना आणि लिफ्ट, शेजारी शेजारी. आमच्या गल्लीत हे दोन्ही दहा पावलांवर आहेत, आलात तर दाखवतो.

आणि लवकर करा. भिडेवाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, फुल्यांची मुलींची पहिली शाळा जिथे १८४८ मध्ये भरली ती जागा, तिथे स्मारक होणार म्हणून. इमारत मोडकळीलाच आली होती, स्मारक व्हायलाच पाहिजे, पण त्या वास्तूचे आतले नीट काढलेले फोटो शोधायला गेलो तर हाताला फार थोडे लागले. समोर दगडूशेठला रोज एवढी गर्दी, सगळ्यांच्या हातात मोबाईल, आणि कॅमेरे सगळे एकाच दिशेला.

गिरगावकर_मावशी

मुंबईहून लिहितेय, विषय पुण्याचा आहे पण एक गोष्ट उपयोगी पडेल. ओव्हल मैदानात उभं राहिलं की पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर (हा १८७८ चा) असं व्हिक्टोरियन गॉथिक आणि पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेकोच्या इमारती, दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. म्हणजे त्या काळी समुद्रात भर टाकलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ज्या इमारती एकदम मॉडर्न होत्या त्याच आज वारसा आहेत. तुमच्या सिरीजमधलं नवं पण कधीतरी जुनं होणार, हे तिथे उभं राहून फार चांगलं कळतं.

फोटोचं म्हणाल तर गॉथिक बाजू पश्चिमेकडे तोंड करून आहे म्हणून तिच्यावर संध्याकाळचं ऊन, आर्ट डेको बाजू पूर्वेकडे बघते म्हणून तिच्यावर सकाळचं. एकाच जागी उभं राहून सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन फोटो काढायचे आणि शेजारी शेजारी लावायचे. एकाच फ्रेममध्ये दोन्ही कोंबायची गरजच नाही, जोडी लावली की बघणारा स्वतः तुलना करतो. मी गिरगावातल्या खोताच्या वाडीचं पण असंच केलंय, लाकडी जिन्याच्या कठड्यावर ठेवलेला हात आणि जवळच्याच टॉवरच्या लॉबीतला स्टीलच्या कठड्यावरचा हात. इमारत दोन्हीत नाही. मला स्वतःला माझ्या सगळ्या फोटोंत ती जोडी सगळ्यात आवडते. पण वाडीतली घरं ही राहती घरं आहेत हे कसब्यातला भाऊ म्हणाला ते तिथेही लागू, विचारल्याशिवाय दारात कॅमेरा नको.

एकच_मोबाईल

थोडंसं वेगळं मत. जुन्याचा भाग सेपिया आणि नव्याचा रंगीत, किंवा वाडा एचडीआर करून भिंती नारिंगी, असं कृपया करू नका. बेसाल्टचा, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या दगडाचा, खरा रंग काळपट निळसर राखाडी आहे आणि पावसात भिजल्यावर तो इतका गडद होतो की शेजारचा सिमेंटचा रंग आपोआप फिका वाटतो. जुलै-ऑगस्टमध्ये आकाश पांढरं असतं तर आकाश फ्रेममध्ये घेऊच नका, नुसत्या भिंती घ्या. मोबाईलवर ग्रिड चालू करा, ०.५ ची वाइड लेन्स बंद ठेवा, तिने सगळं वाकडं होतं, २ किंवा ३ एक्सवर घ्या. माझे चांगले आलेले फोटो सगळे असेच आहेत.

पेठेतली_भटकंती

सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः कसब्यातला दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. जिना आणि लिफ्टसाठी नक्की येते, प्रिंट घेऊनच परत येईन दुसऱ्यांदा. मावशींची जोडीची कल्पना घेऊन सगळी सिरीज पुन्हा लावून बघणार आहे, आत्ता आहेत त्यातलेच काही फोटो तसे जुळतील असं वाटतंय.

एक राहिलं, मेट्रोचा नदीवरचा भाग कुठून घ्यावा? डेक्कन आणि संभाजी उद्यान स्टेशनची छपरं पगडीच्या आकाराची आहेत ती ओंकारेश्वराबरोबर यायला पाहिजेत.

खण_आणि_तुळई

ओंकारेश्वराचं देऊळ आणि ही स्टेशनं नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत, त्यामुळे देवळाच्या बाजूने पलीकडे बघत घ्या, पुढे देवळाचं दगडी काम आणि पलीकडे मार्ग आणि छप्पर. तुमची ५५-२५० इथे लागेल, १०० च्या पुढे. पगडीचं छप्पर मला व्यक्तिशः पटत नाही, जुन्याचा आकार नुसता वर ठेवला की परंपरा येते असं नाही, म्हणूनच मी आयुका सुचवलं, तिथे आकार कुठेच नाही पण चौकात बसल्यावर वाडा कळतो. हे दोन फोटो शेजारी लावून बघा, लोक काय म्हणतात ते मला ऐकायचंय.

सह्याद्री_शटर

भिडे पुलावरून पण चांगलं दिसतं, पाण्याच्या अगदी जवळून मेट्रोचा मार्ग वर जातो तो. फक्त पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सुरू आहे का ते बघून निघा, पाणी सोडलं की तो पूल बंद करतात. पाणी थोडंच वाढलेलं असेल आणि पूल चालू असेल तर खांबांची प्रतिबिंबं पण मिळतील, सकाळी सातच्या आधी, वाहनं सुरू व्हायच्या आत.